जुनी व पुनर्शैलीतील बेसबॉल कार्डे

बेसबॉल कार्ड म्हणजे एका बाजूस खेळाडूचे चित्र आणि दुसऱ्या बाजूस जाहिरात किंवा खेळाडूची माहिती छापलेला जाड कागदाचा लहान आयताकृती तुकडा होय. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशी कार्डे प्रचारात आहेत. जुन्या कार्डांची मांडणी, रंगसंगती व अक्षरशैली अनुसरून आजच्या खेळाडूंची जी कार्डे काढली जातात, त्यांना पुनर्शैलीतील किंवा रेट्रो कार्डे म्हणतात. दोन्ही दिसायला सारखी असली, तरी त्यांचे प्रयोजन, मुद्रण आणि दुर्मीळतेचे कारण भिन्न आहे.

जुनी कार्डे

आरंभीची अनेक कार्डे सिगारेटच्या पाकिटांत घातलेली असत. त्यांमुळे पाकिटाला ताठपणा येई आणि जाहिरातही होई. रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर या तंबाखू कंपनीने १८८० च्या दशकात काढलेल्या जगज्जेत्यांच्या ५० कार्डांच्या संचात १० बेसबॉलपटू होते. अमेरिकन टोबॅको कंपनीचा, पुढे टी२०६ या नावाने ओळखला जाऊ लागलेला संच १९०९ ते १९११ या काळात निघाला. त्यातील होनस वॅग्नर यांचे कार्ड लवकरच थांबवले गेल्याने त्याच्या फार थोड्या प्रती उरल्या.

पुढे तंबाखूची जागा च्युइंगगमने घेतली. गाउडी कंपनीच्या १९३३ च्या संचात २४० कार्डे होती. टॉप्स कंपनीचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच आधुनिक कार्डाचा आदर्श मानला जातो. त्याच्या रचनेत साय बर्गर यांचा प्रमुख वाटा होता.

पुनर्शैलीतील कार्डे

टॉप्सने २००१ मध्ये ‘हेरिटेज’ ही मालिका सुरू केली. पहिल्या वर्षी १९५२ ची मांडणी, पुढील वर्षी १९५३ ची, अशा क्रमाने ४९ वर्षांपूर्वीचा नमुना नव्या खेळाडूंसाठी वापरला गेला. २००६ पासून याच कंपनीने ‘ॲलन अँड गिंटर’ हे नावही पुन्हा प्रचारात आणले. त्यात बेसबॉलपटूंबरोबर अन्य क्षेत्रांतील व्यक्तीही असतात, तसेच सिगारेटच्या पाकिटातील कार्डांची आठवण देणारी छोटी कार्डेही असतात.

पुनर्शैलीतील कार्ड आणि पुनर्मुद्रण यांत फरक आहे. पहिल्यात जुना साचा व नवा खेळाडू असतो. दुसऱ्यात जुने कार्डच पुन्हा छापलेले असते. टॉप्सने १९८३ मध्ये १९५२ च्या संचाचे असे पुनर्मुद्रण केले होते.

दुर्मीळता

जुनी कार्डे जपण्यासाठी काढलेली नव्हती. मुले ती हाताळत, त्यांची अदलाबदल करीत, रबराने बांधून ठेवीत; पुढे ती रद्दीत जात. १९५२ च्या संचाचा शेवटचा भाग हंगामाच्या अखेरीस बाजारात आल्याने पुरेसा खपला नाही. बर्गर यांच्या सांगण्यानुसार, पडून राहिलेला साठा १९६० मध्ये अटलांटिक महासागरात टाकण्यात आला. या भागातील मिकी मँटल यांच्या कार्डाच्या एका उत्तम प्रतीला २०२२ च्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर किंमत मिळाली.

नव्या कार्डांची दुर्मीळता मात्र कारखान्यातच ठरते. काही क्रमांक मुद्दाम कमी छापले जातात, काहींवर मर्यादित प्रतींचा अनुक्रमांक असतो, तर काहींवर खेळाडूची स्वाक्षरी असते. खरेदीदार ती आरंभापासून प्लॅस्टिकच्या आवरणात जपून ठेवतात. त्यामुळे सर्वसाधारण प्रती विपुल राहतात आणि केवळ काळ लोटल्याने त्यांचे मोल वाढेलच असे नाही.

ओळख

पुनर्मुद्रित कार्ड मूळ म्हणून विकले जाण्याचा धोका असल्याने पुढील खुणा तपासल्या जातात :

आकार : १९५२ ची मूळ कार्डे २ ५/८ × ३ ३/४ इंच आहेत. १९५७ पासून रूढ झालेला आकार २ १/२ × ३ १/२ इंच असून १९८३ ची पुनर्मुद्रणे याच आकाराची आहेत.

मुद्रण : टी२०६ कार्डे शिळामुद्रण पद्धतीची आहेत. भिंगातून पाहता त्यांवरील अक्षरे सलग शाईची दिसतात. नकलांत ती बहुधा सूक्ष्म ठिपक्यांची असतात.

कागद : दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने नसत. त्यामुळे अतिनील प्रकाशात चमकणारे त्या काळातील कार्ड संशयास्पद ठरते.

केवळ पिवळेपणा वा झिजलेले कोपरे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण ते कृत्रिमरीत्या आणता येतात. मौल्यवान कार्ड घेण्यापूर्वी स्वतंत्र प्रमाणीकरण संस्थेकडून तपासून घेण्याची प्रथा आहे. अशा संस्था कार्डाची सत्यता पाहतात आणि स्थितीनुसार सामान्यतः १ ते १० असा दर्जा देतात.