नेटवर्किंगची प्रात्यक्षिक परीक्षा: वैजापूरच्या तरुणांनी सीसीएनएची तयारी कशी करावी?

खासगी कंपन्यांत आरक्षण नाही. तिथे हातातले कौशल्य दाखवावे लागते. संगणक नेटवर्किंगचे कौशल्य मोजणारी आणि जगभर ओळखली जाणारी परीक्षा म्हणजे सिस्को कंपनीची सीसीएनए. तिला पदवीची अट नाही. आयटीआय किंवा बारावी झालेला मुलगा-मुलगीही ती देऊ शकतात. पण शुल्क मोठे आहे आणि नुसत्या पाठांतरावर ती सुटत नाही. म्हणून आवश्यक माहिती येथे एकत्र देत आहोत.

परीक्षेचे स्वरूप

- परीक्षेचा कोड २००-३०१, वेळ १२० मिनिटे. अभ्यासक्रमाची १.१ ही आवृत्ती ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाली. नोंदणीपूर्वी सिस्कोच्या संकेतस्थळावर ताजा अभ्यासक्रम पाहावा.
- शुल्क ३०० अमेरिकी डॉलर, कर वेगळा. म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर.
- गुणांची विभागणी: नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, स्विचिंग व वायरलेस २० टक्के, राउटिंग २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के, ऑटोमेशन १० टक्के.
- पेपर मराठीत नसतो, इंग्रजीतच द्यावा लागतो. एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही.
- प्रमाणपत्र ३ वर्षे वैध असते.

पर्याय निवडण्याच्या प्रश्नांबरोबर प्रात्यक्षिक प्रश्नही येतात. पडद्यावर छोटे नेटवर्क दिसते आणि राउटर-स्विचवर कमांड टाइप करून काम पूर्ण करून दाखवावे लागते.

सराव कसा करावा?

महागडे राउटर विकत घेण्याची गरज नाही. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत मोफत नोंदणी केली की पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मिळते. ते साध्या लॅपटॉपवरही चालते. त्यावर पुढील कामे कोऱ्या नेटवर्कपासून, वही न पाहता जमली पाहिजेत:

१. व्हीलॅन तयार करणे व ट्रंक जोडणे
२. इथरचॅनल
३. स्टॅटिक राउट आणि ओएसपीएफ
४. डीएचसीपी आणि नॅट
५. अॅक्सेस लिस्ट
६. एसएसएच व पासवर्ड सुरक्षा

सबनेटिंग रोज कागदावर करावे. उदा. १९२.१६८.१०.०/२४ या नेटवर्कचे /२६ प्रमाणे ४ भाग पडतात. प्रत्येक भागात ६४ पत्ते असतात, त्यातले ६२ उपकरणांना देता येतात. असे गणित मिनिटाच्या आत सुटले पाहिजे.

दुरुस्तीचा सराव जोडीने करावा. एकाने चालू नेटवर्कमध्ये मुद्दाम बिघाड करावा, दुसऱ्याने तो शोधावा. अंदाजाने कमांड टाकत बसू नये. आधी इंटरफेस चालू आहे का, मग व्हीलॅन, मग आयपी पत्ता, मग राउट, या क्रमाने तपासावे. तथागतांनी धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले, या आणि स्वतः पारखून पाहा. इथेही तेच लागते.

पैसा जपा

'शंभर टक्के पास' म्हणून जुने प्रश्नसंच विकणाऱ्यांपासून दूर राहा. चोरीचे प्रश्न वापरणे नियमाविरुद्ध आहे आणि प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. शिवाय मुलाखतीत राउटर समोर ठेवला की खरे-खोटे लगेच कळते.

नापास झाल्यास ५ दिवस थांबावे लागते आणि पूर्ण शुल्क पुन्हा भरावे लागते. मजुरी करणाऱ्या घराला हे दोनदा परवडत नाही. म्हणून वरची सर्व कामे सलग तीन वेळा बिनचूक झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. व्याजाने पैसे काढून तर मुळीच नको.

मदत कुठे मिळेल?

छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारच्या नाइलिट संस्थेचे केंद्र आहे. पुण्याची बार्टी संस्था अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी प्रशिक्षण योजना राबवते. चालू अभ्यासक्रम आणि शुल्क सवलतींची चौकशी दोन्हीकडे करावी. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही केंद्राच्या सवलती लागू आहेत. जातीचा दाखला तयार ठेवा.

परीक्षेच्या दिवशी

नोंदणीतील नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळले पाहिजे. नावात फरक असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. परीक्षा घरूनही देता येते, पण त्यासाठी रिकामी खोली, अखंड वीज आणि इंटरनेट लागते. गावाकडे वीज जाण्याची भीती असेल तर केंद्रावर जाणेच बरे. रोटेगावहून रेल्वेने जाणाऱ्यांनी शक्यतो आदल्या दिवशी निघावे.

आपण काय करू शकतो?

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतल्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. आज प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत दोन जुने लॅपटॉप आणि चार मुलांचा गट एवढे जमले तरी सुरुवात होते. जे पास होऊन पुण्या-मुंबईला लागले आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार या मुलांना द्यावा आणि कंपनीत जागा निघाली की आधी त्यांना कळवावे. प्रमाणपत्राने मुलाखतीपर्यंत पोहोचता येते. त्यापुढे ओळखीचा हातही लागतो आणि तो आपणच दिला पाहिजे.

नमो बुद्धाय! जय भीम!