सभ्य म्हणजे सभेतला

‘ती जरा शिष्टच आहे’ असे मराठीत कोणी म्हटले, तर ते कौतुक नसते. बोलत नाही, मिसळत नाही, स्वतःला कोणीतरी समजते, असा त्याचा अर्थ. शिष्टाचार हवाहवासा, शिष्टमंडळ मानाचे, पण नुसता शिष्ट तेवढा तुसडा.

शब्द आला शास् धातूवरून. शिकवलेला, वळण लावलेला तो शिष्ट. शासन, शास्त्र, शिष्य ही त्याची भावंडे. (‘शिस्त’ याच घरची वाटते, पण ती फारसीतून आली आणि तिचा जुना अर्थ नेम.) पतंजलीने महाभाष्यात शिष्टाची लक्षणे दिली आहेत: घरात मडक्यापुरतेच धान्य, लोभ नाही, आणि काही मिळवायचे नसतानाही विद्येत पारंगत. लक्षणे सुंदर आहेत, पण तो आर्यावर्तातला ब्राह्मण असावा हेही त्यातच आहे. म्हणजे अंतर पहिल्यापासूनच होते. बोलीतल्या मराठीने ते बरोबर हेरले, असे मला वाटते.

‘सभ्य’ मला अधिक जवळचा. पाणिनीने तो थेट ‘सभा’पासून साधला आहे: सभेत शोभणारा, तिथे नीट वागणारा. ऋग्वेदात याच अर्थाने ‘सभेय’ आहे. एकट्याने शिष्ट होता येईल. सभ्य व्हायला समोर माणसे लागतात.

आजची सभा म्हणजे सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कोणी लिहितो, ‘अरे पंप बंद करा कोणीतरी, टाकी भरून वाहतेय.’ लगेच उत्तर येते, ‘अरे कोणाला म्हणता? आपण जरा वयाचे भान ठेवावे.’ आता पहिले वाक्य पुन्हा वाचा. क्रियापद ‘करा’ आहे, ‘कर’ नाही. त्या ‘अरे’त घाई आहे, अपमान नाही. उलट ‘आपण’ हा शब्द आला ‘आत्मन्’वरून, प्राकृतातल्या ‘अप्पण’मधून. ‘आपण सगळे’ म्हणताना तो बोलणाऱ्यालाही कवेत घेतो. इथे मात्र समोरच्याला दूर ढकलायला वापरला आहे. मला टोचतो तो हा ‘आपण’.

‘अरे’चे कूळही हलके नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मविद्या सांगतो तेव्हा ‘अरे’ म्हणूनच संबोधतो. जिव्हाळ्याच्या माणसाशी गहन बोलताना तो शब्द चालला आहे.

तरीही ‘अरे’ सर्वांनी सोसावाच, असे मी म्हणणार नाही. मराठीत ‘अरे’ला ‘का रे’ म्हणतात. भांडणातली ही बरोबरी गावगाड्यात सगळ्यांना कुठे होती? आजोबांच्या वयाच्या माणसाला पाटलाच्या पोराने ‘अरे’ म्हणायचे आणि त्याने ‘जी’ म्हणत उभे राहायचे, हे पिढ्यानपिढ्या चालले. मालक आणि गडी, साहेब आणि शिपाई यांच्यात अजून चालते. ज्याच्या घराने ते ऐकून घेतले, त्याला अनोळखी माणसाचा ‘अरे’ आजही लागतो. त्याला हळवा म्हणू नये.

म्हणून ग्रुपवर मी एवढेच पाहतो, की तोच ‘अरे’ उलट दिशेने चालेल का. पंपवाल्या गृहस्थांना तो सफाई कामगाराकडून चालत असेल, तर खुशाल लिहावा. आणि ज्याने ‘अहो’ मागितले, त्याला कारण न विचारता ‘अहो’ म्हणावे.