मोहाची फुलं वेचून नेली, तरी झाडाला बिया येतात कशा?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात आणि आजूबाजूच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच माणसं टोपल्या घेऊन मोहाखाली पोहोचतात. रात्रीतून गळालेली मोहफुलं ऊन चढायच्या आत वेचायची असतात. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर त्याच झाडाची फळं पिकतात आणि त्यांतल्या बियांचं तेल काढलं जातं. या बियांना कुठे टोळी म्हणतात, तर कुठे टोरी.

फुलं तर वेचून नेली, मग बिया आल्या कुठून?

बी तयार कशी होते?

फुलातल्या पुंकेसरात परागकण असतात, तर स्त्रीकेसराच्या टोकाला चिकट कुक्षी असते. परागकण कुक्षीवर पोहोचणं म्हणजे परागीभवन. तिथे परागकण रुजतो आणि त्यातून निघालेली बारीक नळी खाली अंडाशयापर्यंत जाते. तिच्यातून गेलेली नरपेशी बीजांडातल्या स्त्रीपेशीला मिळते. याला फलन म्हणतात. फलनानंतर बीजांडाची बी होते आणि अंडाशयाचं फळ.

म्हणजे बीसाठी पाकळ्या शेवटपर्यंत लागत नाहीत. अंडाशय मात्र झाडावर राहायला हवं.

मोहाचं फूल नीट पाहा

जमिनीवरून उचललेलं मोहफूल खालून पोकळ असतं. कारण ते पूर्ण फूल नसतंच. तो फक्त एकमेकांना जोडलेल्या, रसाळ पाकळ्यांचा भाग असतो आणि पुंकेसर त्याला आतून चिकटलेले असतात. अंडाशय आणि त्याचा लांब दांडा वर फांदीवरच राहतो. त्यामुळे गळालेली फुलं वेचल्याने बियांचं नुकसान होत नाही. फुलांसाठी फांद्याच तोडल्या, तर मात्र होतं.

मोहाची आणखी एक खुबी आहे. फूल उमलण्याआधीच त्याची कुक्षी कळीबाहेर डोकावते आणि पराग घ्यायला तयार असते. स्वतःचे पराग नंतर सुटतात. त्यामुळे दुसऱ्या फुलाच्या परागांना आधी संधी मिळते.

हे पराग आणतं कोण?

मोह रात्री फुलतो. गोड पाकळ्या खायला फळं खाणारी वटवाघळं येतात. त्यांच्या अंगावरच्या केसांना पराग चिकटतात आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीवर पोहोचतात. मोहाच्या परागीभवनात वटवाघळांचा मोठा वाटा आहे. मधमाश्याही या फुलांवर येतात.

तरीही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी बहुतेक वटवाघळं अनेक वर्षं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ही यादीच काढून टाकली.

शेतातल्या पिकांचं काय?

कोरपन्याच्या शिवारात कापूस, सोयाबीन आणि तूर ही पिकं दिसतात. तिघांची पद्धत सारखी नाही.

सोयाबीन: परागीभवन बहुतेक वेळा फुलाच्या आतच, फूल उमलायच्या सुमारास उरकतं.

कापूस: बहुतांश परागीभवन स्वतःच्याच परागांनी होतं, पण मधमाश्यांचीही मदत होते.

तूर: स्वतःच्या परागांनीही शेंगा धरतात. पण मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. त्यामुळे शेजारी वेगळं वाण असेल, तर घरच्या बियाण्यात मिसळ होऊ शकते.

म्हणून पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी. करावीच लागली, तर मधमाश्या फुलांवर नसतील अशा वेळी, म्हणजे संध्याकाळी उशिरा करावी.

थोडक्यात काय?

मोहफूल खाली पडतं, तेव्हा पाकळ्यांचं काम संपलेलं असतं. बीचं काम वर फांदीवर सुरू असतं. त्याची सुरुवात रात्री आलेल्या पाहुण्यांनी करून दिलेली असते. वटवाघळांच्या वस्तीची जुनी झाडं तोडली किंवा त्यांना हुसकावून लावलं, तर मोह फुलेल आणि फुलं वेचायलाही मिळतील. टोळी मात्र कमी होण्याची भीती आहे. आणि बीच नसेल, तर नवा मोह उगवणार कुठून?