बाकावर कोण बसणार? थीम पार्कमधील थरार आणि कुटुंब यांच्या समतोलाचा इतिहास

१/१४
लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये एक जुने मेरी-गो-राउंड आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन लहान मुलींना तेथे नेत असत. मुली लाकडी घोड्यांवर बसून फिरत आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खात. आईवडील आणि मुले यांना एकत्र रमता येईल अशी जागा का नसावी, हा प्रश्न आपल्याला त्या बाकावर पडला, असे ते पुढे सांगत.

२/१४
डिस्नेलँडच्या जन्माची ही कथा अनेकांना ठाऊक असते. पण तो बाक पुढे कधीच पूर्णपणे रिकामा झाला नाही. त्यावर बसणारी माणसे मात्र बदलत गेली. थरार हवा असणारे तरुण आणि थरार न झेपणारी मुले वा वृद्ध यांना एकाच आवारात कसे सामावून घ्यायचे, या पेचाचा हा इतिहास.

३/१४
प्रारंभ न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडपासून करू. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन याने तेथे ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. भाडे ५ सेंट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. प्रवासी समोर नव्हे, तर बाजूला तोंड करून बसत, जणू देखावा पाहायला निघाले आहेत. या राइडला भिण्याचे कारणच नव्हते.

४/१४
पण थराराची भूक वाढत जाते. १९२७ मध्ये त्याच कोनी आयलंडवर ‘सायक्लोन’ हा लाकडी रोलर कोस्टर उभा राहिला. उंची सुमारे २६ मीटर, वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास. अवघ्या ४३ वर्षांत सहलीची गाडी धाडसाची परीक्षा बनली. डिस्ने यांना मात्र त्या काळची बहुतेक करमणूक-उद्याने अस्वच्छ आणि कुटुंबाला परकी वाटत.

५/१४
त्यांना भावले ते कोपनहेगनचे टिवोली. १८४३ पासून चालत आलेले हे उद्यान त्यांनी १९५१ मध्ये पाहिले. तेथे बागा, दिवे, संगीत, भोजनगृहे होती आणि १९१४ चा एक लाकडी रोलर कोस्टरही होता. त्या गाडीवर ब्रेक सांभाळणारा माणूस आजही स्वार असतो. थरार होता, पण तो बागेचा एक कोपरा होता. बाग त्याच्यासाठी नव्हती.

६/१४
१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. साहस, सरहद्द, परीकथा, भविष्यकाळ अशा कल्पनांवर त्याचे विभाग रचलेले होते. या पहिल्या डिस्नेलँडमध्ये एकही रोलर कोस्टर नव्हता.

७/१४
तो आला १९५९ मध्ये. ‘मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स’ हा पोकळ पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारा पहिला मोठा रोलर कोस्टर. नळी हवी तशी वाकवता येत असल्याने तीव्र वळणे घेणारा मार्ग एका कृत्रिम डोंगराच्या पोटात मावला. म्हणजे गाडीत न बसणाऱ्यालाही पाहायला एक हिमशिखर मिळाले. शिवाय ‘स्कायवे’चे पाळणे १९९४ पर्यंत त्याच डोंगराच्या आरपार संथपणे जात असत. एकाच डोंगरात थरारही होता आणि विसावाही.

८/१४
सत्तरच्या दशकात स्पर्धा तीव्र झाली. डिस्नेलँडपासून जवळच असलेल्या ‘नॉट्स बेरी फार्म’मध्ये १९७५ साली प्रवाशांना उलटे करणारा ‘कॉर्कस्क्रू’ आला. १९७६ मध्ये ‘मॅजिक माउंटन’ने पोलादी रुळांचे पूर्ण उभे वर्तुळ बांधले. तरुणाईला खेचून घेणारे हे आव्हान होते.

९/१४
डिस्नेचे उत्तर होते ‘स्पेस माउंटन’. ते फ्लोरिडात १९७५ मध्ये आणि कॅलिफोर्नियात १९७७ मध्ये आले. फ्लोरिडातील गाडीचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शहरातल्या मोटारीइतकाच. पण अंधारात पुढचे वळण दिसत नाही, म्हणून तोच वेग कितीतरी अधिक भासतो. त्याच इमारतीतून ‘पीपलमूव्हर’ ही संथ गाडीही जाते. आजी आणि नातू तिच्यात बसून आतली चाहूल घेऊ शकतात.

१०/१४
तरीही दारावर उंचीची पट्टी आली. फ्लोरिडातील ‘स्पेस माउंटन’साठी किमान उंची ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटीमीटर लागते. सुरक्षेसाठी ती आवश्यकच. अडसर अंगाला नीट बसला नाही तर जिवाशी गाठ. पण हीच पट्टी कुटुंबाचे दोन भाग करते: एक रांगेत, दुसरा पुन्हा बाकावर. आईवडिलांनी आळीपाळीने राइड घ्यावी, अशी सोय म्हणूनच करावी लागली.

११/१४
समतोल ढळला की काय होते? १९९५ मध्ये फ्लोरिडाच्या ‘मॅजिक किंगडम’ या लहानग्यांच्या लाडक्या उद्यानात ‘एलियन एन्काउंटर’ सुरू झाले. प्रेक्षक खुर्चीत जखडलेले, दिवे गेलेले, मानेवर अज्ञात प्राण्याचा श्वास. बाहेर इशारे लिहिलेले असूनही घाबरलेल्या मुलांच्या तक्रारी येत राहिल्या. २००३ मध्ये हा खेळ बंद झाला. त्या जागी स्टिच या कार्टूनचा खेळ आला, पण अंधार आणि खांद्यावरचे अडसर तेच राहिले. पात्र बदलले, भीती तिथेच उरली.

१२/१४
उलट बाजूची चूक २००१ मध्ये ‘डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर’ उघडताना झाली. मोठा रोलर कोस्टर होता, पण लहानांसाठी फारच थोडे. अपेक्षेइतके लोक आले नाहीत. पुढच्याच वर्षी चिमुकल्यांसाठी राइड्स जोडाव्या लागल्या. २०१२ मध्ये आलेल्या ‘कार्स लँड’ने खरा धडा गिरवला. मुख्य राइड ४० इंचांपासून, दोन छोट्या राइड्स ३२ इंचांपासून. मुख्य राइडचा पहिला भाग संथ गोष्टीचा, दुसरा शर्यतीचा. आणि भोवतीचे पूर्ण गाव फिरायला खुले.

१३/१४
तरी धडा कायमचा शिकला गेला असे नाही. २०१९ मध्ये डिस्नेलँडमध्ये ‘स्टार वॉर्स’वर आधारलेला विभाग उघडला. त्यातील एका राइडला ३८ इंच, दुसरीला ४० इंच उंची लागते. त्याहून बुटक्या बालकाला त्या भव्य विभागात बसायला एकही राइड नाही. पाहायला मात्र पुष्कळ आहे.

१४/१४
या इतिहासातून एक गोष्ट दिसते. थरार आणि कुटुंब यांचा समतोल म्हणजे निम्म्या राइड्स यांच्या, निम्म्या त्यांच्या, अशी वाटणी नव्हे. ज्याला बसता येत नाही, त्यालाही त्या गोष्टीत जागा मिळते का, हा खरा निकष. पुढच्या वेळी एखाद्या पार्कमध्ये गेलात, तर सर्वांत उंच राइडकडे पाहण्याआधी तिच्यासमोरच्या बाकाकडे जरूर पाहा. तेथे कोण बसले आहे आणि त्याला काय दिसते आहे?

(थ्रेड समाप्त. आवडल्यास इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत पोहोचवा.)