ससून, सर एलिस व्हिक्टर

ससून, सर एलिस व्हिक्टर : (डिसेंबर १८८१–ऑगस्ट १९६१). मुंबई व शांघाय येथील उद्योगपती आणि इंग्लंडमधील एप्समची डर्बी ही घोड्यांची शर्यत चार वेळा जिंकणारे अश्वमालक. बगदादहून १८३२ मध्ये मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून हे त्यांचे पणजोबा. पुण्याचे ससून रुग्णालय डेव्हिड यांच्या देणगीतून उभे राहिले, तर कुलाब्याची ससून गोदी डेव्हिड यांचे पुत्र अल्बर्ट यांनी बांधली. व्हिक्टर दुसऱ्या शाखेचे : त्यांचे आजोबा इलियास यांनी १८६७ मध्ये ई. डी. ससून ही स्वतंत्र पेढी काढली आणि पुढे मुंबईत तिच्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या.

व्हिक्टर यांचा जन्म इटलीत नेपल्स येथे झाला. शिक्षण हॅरो व केंब्रिज येथे. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलाच्या विमानदलात होते. १९१६ मधील विमान अपघातात त्यांचे पाय कायमचे अधू झाले आणि पुढचे आयुष्य त्यांना काठ्यांच्या आधाराने चालावे लागले. १९२४ मध्ये वडील सर एडवर्ड यांच्या निधनानंतर ‘बॅरोनेट’ हा किताब त्यांच्याकडे आला. ते मध्यवर्ती विधिमंडळाचे सदस्य होते. भारतातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या शाही आयोगावर (१९२९–३१) गिरणीमालक ससून आणि कामगारांचे पुढारी ना. म. जोशी हे दोघेही सदस्य होते.

पुढे त्यांनी व्यवसायाचा भर शांघायकडे वळवला. तेथील नदीकाठच्या बंड रस्त्यावर त्यांनी बांधलेले, हिरव्या तांब्याच्या निमुळत्या छपराचे कॅथे हॉटेल १९२९ मध्ये सुरू झाले. आज ते पीस हॉटेल म्हणून ओळखले जाते. मुंबईतील गिरण्या १९४३ मध्ये विकल्या गेल्या व त्यांना इंडिया युनायटेड मिल्स हे नाव मिळाले. १९४९ च्या साम्यवादी क्रांतीनंतर शांघायमधील मालमत्ताही हातची गेली. ससून बहामा बेटांवर नॅसो येथे स्थायिक झाले.

या उलथापालथीत घोड्यांचा नाद मात्र सुटला नाही. आद्याक्षरांवरून (ई. व्ही.) त्यांना ‘ईव्ह’ म्हणत आणि त्यांचे घोडे ‘मिस्टर ईव्ह’ या नावाने धावत. १९२७ च्या डर्बीत त्यांचा हॉट नाइट दुसरा आला. १९३५ मध्ये म्यूझियमने आयर्लंडच्या तिन्ही मानाच्या शर्यती मारल्या. १९३७ मध्ये एक्झिबिशनिस्ट या तरुण घोडीने वन थाउजंड गिनीज व ओक्स जिंकल्या. डर्बीसाठी मात्र हॉट नाइटनंतर २६ वर्षे वाट पाहावी लागली.

ती प्रतीक्षा ६ जून १९५३ रोजी संपली. एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाला चारच दिवस झाले होते आणि तिचा ऑरिओल हा घोडा शर्यतीत होता. ससून यांचा धिप्पाड पिंझा वर्षाचे शिंगरू असताना १,५०० गिनींना घेतलेला. अखेरच्या सरळ पट्ट्यात शिकंपूर हा घोडा पुढे होता. साधारण दोन फर्लांग उरले असताना पिंझाने त्याला गाठून मागे टाकले आणि ऑरिओलला घोड्याच्या चार लांबींनी हरवले. जॉकी गॉर्डन रिचर्ड्स यांचा हा २८ वा प्रयत्न आणि एकमेव डर्बीविजय.

त्यानंतर सात वर्षांत आणखी तीन विजय मिळाले : क्रेपेलो (१९५७), हार्ड रिडन (१९५८) व सेंट पॅडी (१९६०). हार्ड रिडनची खरेदी अवघ्या २७० गिनींची होती. क्रेपेलो व सेंट पॅडी ही घरचीच पैदास. दोघांचे ट्रेनर नोएल मर्लेस व जॉकी लेस्टर पिगॉट. क्रेपेलोची आई क्रेपस्क्यूल ही ससून यांच्या पैदाशीतील अनमोल घोडी. तिच्याच हनीलाइट या मुलीने १९५६ ची वन थाउजंड गिनीज जिंकली होती. म्हणूनच ससून यांचे यश केवळ पैशाचे मानणे चूक ठरेल : दोन डर्बीविजेते स्वस्तात पारखून घेतलेले, तर दोन घरी वाढवलेले होते.

१९५९ मध्ये त्यांनी आपली शुश्रूषा करणाऱ्या अमेरिकन परिचारिका एव्हलिन बार्न्स यांच्याशी विवाह केला. नॅसो येथे त्यांचे निधन झाले. मूलबाळ नसल्याने किताब संपुष्टात आला, पण घोडी मागे राहिली : १९६३ मध्ये क्रेपस्क्यूलच्या ट्वायलाइट ॲली या मुलाने त्यांच्या पत्नी लेडी ससून यांच्या नावावर अ‍ॅस्कट गोल्ड कप जिंकला.