कितना देती है?

जयपूरच्या शोरूममध्ये गाडीचं दार उघडायच्या आत प्रश्न येतो, ‘कितना देती है?’ आपल्याकडे तोच ‘अ‍ॅव्हरेज किती?’ असा. उत्तरादाखल येणाऱ्या आकड्याला सगळे ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात. मग गाडी पुण्याच्या वेताळ टेकडीवर तपासलेली असो, नाहीतर दिल्ली-जयपूर हमरस्त्यावरच्या मानेसरला. एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या वाहन-तपासणी संस्थेचं नाव आकड्याला चिकटलं ते चिकटलंच.

गंमत म्हणजे हा आकडा टाकीतून नव्हे, धुरातून काढतात. गाडी रोलरवर उभी, समोर मोठा पंखा. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. सायलेन्सरचा धूर पिशव्यांत भरून त्यातला कार्बन मोजायचा आणि तेवढ्यासाठी पेट्रोल किती जळलं असेल, ते उलट गणिताने काढायचं.

कितव्या सेकंदाला वेग किती, हेही आधीच ठरलेलं. त्या वेळापत्रकाला ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. आपली पहिली सायकल १९८०च्या दशकातल्या देशी रहदारीवर बेतलेली होती: १०८ सेकंदांचा फेरा सहा वेळा, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. जयपूरच्या गजबजलेल्या जोहरी बाजारात ती आजही खपून जाईल! २००० साली युरोपची ११८० सेकंदांची सायकल घेतली, फक्त तिचा १२०चा वेग ९०वर छाटला. चाचणीत एसी मात्र बंदच. मे महिन्यात एसी बंद ठेवून आमेरचा चढ चढणारा कारवाला मला अजून भेटायचाय.

रोलरवर चाकं फिरतात, पण स्टिअरिंग वळत नाही. असल्या खुणांवरून चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं फोक्सवॅगनचं सॉफ्टवेअर २०१५ साली अमेरिकेत उघडकीस आलं, आणि प्रयोगशाळेबाहेर रस्त्यावर तपासणी करण्याच्या मागणीला जोर चढला. आपल्याकडे १ एप्रिल २०२३पासून गाडीला यंत्र जोडून खऱ्या रस्त्यावरचा धूर मोजतात. मायलेजचा आकडा मात्र रोलरवरचाच राहिला.

आता २०२७च्या एप्रिलपासून डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आणण्याचा केंद्राचा प्रस्ताव आहे. युरोपात ती २०१७पासून आहे: १८०० सेकंद, सुमारे २३ किलोमीटर, शिवाय जादा अ‍ॅक्सेसरीजचं वजनही धरलेलं. गाडी तीच असली तरी आकडा उतरेल, आणि शोरूमवाल्यांना तो समजावताना घाम फुटेल.

टॅक्सीवाल्यांची चाचणी मात्र बदललेली नाही. टाकी फुल करायची, मीटर शून्यावर आणायचा, आणि चार दिवसांनी पुन्हा टाकी फुल करायची.