फाळ आणि धाव : झिजणाऱ्या कडेचा इतिहास

जमिनीशी झटापट करायची ती लोखंडाने आणि भार वाहायचा तो लाकडाने, अशी कामाची वाटणी आपल्या शेतकऱ्याने फार पूर्वीच करून ठेवली होती. नांगर बाभळीचा, पण त्याच्या टोकाचा फाळ लोखंडाचा. कुळव लाकडी, पण माती कापणारी पास लोखंडी. गाडीचे चाक बाभळीचे, पण त्यावर चढवलेली धाव लोखंडाची. लाकूड बांधावर मिळे. लोखंड विकत आणावे लागे. म्हणून जिथे झीज होते तेवढ्याच कडेला लोखंड लावायचे आणि ती कड बोथटली, वाकली, तुटली की पुन्हा नीट करून घ्यायची, हा शेतीचा साधा हिशेब होता. आपल्या इतिहासात तलवारीच्या धारेवर पुष्कळ लिहिले गेले. फाळाच्या धारेवर मात्र फारसे कोणी लिहिले नाही. आणि तलवार चालायची ती या फाळाने पिकवलेल्या धान्यावर.

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके हा इतिहास वाचायला चांगले. पश्चिमेला सह्याद्रीची खडकाळ, लाल माती, तर पूर्वेला मीना, कुकडी, घोड या नद्यांच्या खोऱ्यांतली काळी, जड जमीन. नारायणगावला खेटून असलेली वारूळवाडी या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात येते. खडकाळ रानात फाळाचे टोक दगडावर आपटून मोडते. काळ्या रानात उन्हाने कडक झालेली ढेकळे ते झिजवून टाकतात. जमीन कोणतीही असो, मृगाच्या आधी लोहाराच्या भात्यापाशी सगळ्यांनाच जावे लागे.

या भागातील धातुकामाची परंपरा जुनी आहे. सातवाहनांच्या काळात जुन्नर हे व्यापाराचे मोठे ठिकाण होते आणि कोकणातला माल नाणेघाटाने वर चढत असे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांमधील शिलालेखांत निरनिराळ्या व्यावसायिकांच्या श्रेणींचा, म्हणजे संघांचा उल्लेख येतो. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणाऱ्यांची आहे आणि कासारकाम करणाऱ्यांचीही आहे. धर्मकार्यासाठी दिलेली रक्कम अशा श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली जाई. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथला दाता धातूचे काम करणाऱ्यांच्या संघावर आजच्या बँकेसारखा विश्वास टाकत होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या काळात लोखंड ठोकणाऱ्याची गावातली जागा वेगळी झालेली दिसते.

ती जागा म्हणजे बलुतेदाराची. थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने १८२० च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणी गावाची तपशीलवार माहिती लिहून ठेवली. पुढे त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याची सगळी घडी उलगडून दाखवली. सुतार आणि लोहार यांच्यावाचून शेत उभे राहत नसे. लोहाराने वर्षभर अवजारे नीट करून द्यायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यायचा. दर कामाला दाम नाही. पाऊस तोंडावर आला असता फाळ मोडला, तर हातात पैसा नाही म्हणून कुणाचे औत अडून राहत नसे. पण याची दुसरी बाजूही होती. पीक बुडाले की लोहाराचा वाटाही बुडे. कामाचा भाव त्याला स्वतः ठरवता येत नसे, आणि वाटा मागायला खळ्याच्या कडेला उभे राहावे लागे. दुरुस्तीची हमी शेतकऱ्याला होती. त्या हमीची किंमत बरीचशी लोहार मोजत होता.

त्याच्या कामात काय कसब होते तेही पाहू. फाळ म्हणजे टोकाकडे निमुळती केलेली जाड लोखंडी पट्टी. ती वसू नावाच्या कड्याने नांगराला घट्ट बसवलेली असे. टोक झिजले की फाळ काढून लोहाराकडे न्यायचा. तो भात्यावर लाल करायचा, ऐरणीवर घेऊन घणाने ठोकायचा आणि मागच्या जाड भागातले लोखंड पुढे ओढून नवे टोक काढायचे. याला फाळ शेवटणे म्हणत. असे पुन्हा पुन्हा शेवटून फाळ आखूड झाला, की त्याला नवा तुकडा तापवून जोडायचा. शेवटी पाणी द्यायचे. निव्वळ मऊ लोखंडाला पाणी चढत नाही. त्यात पोलादाचा अंश असावा लागतो. तापलेले टोक पाण्यात बुडवले की ते कठीण होते. पण फार कठीण झाले तर दगडावर काचेसारखे तुटते, आणि मऊ राहिले तर वळते. म्हणून पाण्यातून काढल्यावर उरलेल्या उष्णतेने टोकावर चढणारा पिवळसर, मग निळसर रंग पाहून नेमक्या क्षणी ते पुन्हा थंड करायचे. हे ज्ञान ना कागदावर होते, ना शाळेत. ते होते लोहाराच्या डोळ्यांत.

गाडीच्या धावेचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. घाटवाटांनी माल बैलांच्या पाठीवरून जाई. बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० साली खुला झाला. पठारावरच्या जुन्या गाड्या फार जड असत आणि त्यांची चाके भरीव असत. जमीन मोजणीच्या कामावर असलेल्या लेफ्टनंट गेसफर्ड याने १८३६ च्या सुमारास सोलापूरकडे टेंभुर्णीला सुधारित, हलक्या गाड्यांचा कारखाना काढला. तुंबा, आरे, पुठे आणि त्यावर लोखंडी धाव असलेली जी गाडी आपण ‘परंपरागत’ समजतो, तिचा इकडचा सर्रास वापर साधारण त्या काळापासूनचा आहे.

धाव चढवणे हा गावातला पाहण्यासारखा प्रसंग असे. धावेचा घेर चाकापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवायचा. मग ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटवायच्या. पाच फूट व्यासाच्या चाकाची धाव सुमारे पाचशे अंशांनी तापली, की तिचा घेर इंचभर वाढतो. तेवढ्यात सांडशींनी उचलून ती चाकावर बसवायची आणि लाकूड पेट घेण्याआधी वरून पाणी ओतायचे. धाव आकसते आणि आरे, पुठे, तुंबा सगळे एकमेकांत करकचून बसतात. खिळ्यांनी हे काम इतके नीट होत नाही. मात्र उन्हाळ्यात लाकूड सुकते, चाक आकसते आणि धाव सैल पडते. तात्पुरता उपाय म्हणून चाक पाण्यात भिजत ठेवत. कायमचा उपाय एकच होता : धाव उतरवायची, थोडी कापायची, सांधायची आणि पुन्हा चढवायची.

गावात लोहार नसला किंवा काम फार साठले, तर घिसाडी येत. गाढवांवर किंवा गाडीवर भाता, ऐरण आणि बिऱ्हाड लादून फिरणारी ही माणसे. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि बाई घण घालते, हे दृश्य महाराष्ट्राच्या बाजारगावांना ओळखीचे आहे. या बाईच्या श्रमाला कारागिरी म्हणून कोणी मोजले नाही. गावाच्या खळ्यावर घिसाड्याचा वाटा नव्हता आणि गावठाणात घरही नव्हते.

लाकडाला लोखंडी कड लावण्याची ही युक्ती जगात इतरत्रही दिसते. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायाला बांधतात त्या स्की पूर्वी निव्वळ लाकडी असत. घट्ट बर्फावर त्यांची कड पकड घेत नसे. ऑस्ट्रियातील साल्झबर्गचा गिर्यारोहक रुडॉल्फ लेटनर याने त्यांना पोलादी कडा लावण्याची कल्पना काढली आणि १९२६ साली तिचे पेटंट घेतले. स्की लवचिक असल्याने त्याने अखंड पट्टी न लावता लहान तुकडे स्क्रूने बसवले. ते दगडाला लागून निघत, म्हणून डोंगरात जाणारे लोक स्क्रू आणि सुटे तुकडे जवळ बाळगत. आजच्या स्कींच्या कडा अखंड असतात. दगडावर घासून कड जिथे खरवडते, तिथले पोलाद एवढे कठीण होते की कानस त्यावरून नुसती सरकते. आधी दगडी सहाणेने तो कठीण थर काढावा लागतो. वस्तीपासून लांब गेलेल्याला हे स्वतःच्या हातांनी करता यावे लागते, नाहीतर परतीची वाट अवघड. साल्झबर्गचा डोंगर काय आणि जुन्नरचे मावळ काय, कड गेली की लोखंडाचा धडा सगळीकडे सारखाच.

आपल्याकडे या कहाणीला मोठे वळण मिळाले ते लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने. १९०३ साली बेळगावात हा नांगर तयार झाला. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले थोडे नांगर खपायलाही दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घरोघर पोहोचला. त्याने जमीन खोल उलथली, हरळी निघाली, पीक वाढले. पण त्याच्याबरोबर एक निराळी गोष्टही शेतात आली. ओतीव लोखंड कठीण असले तरी ठिसूळ असते. ते तापवून ठोकले तर लांबत नाही, फुटते. घडीव फाळ शेवटता येत असे, ओतीव फाळ बदलावा लागतो. लोहाराच्या ऐरणीवरचे काम दुकानाच्या फळीवर गेले, आणि धान्याच्या वाट्याची जागा रोख पैशाने घेतली.

त्यानंतरचे बदल झपाट्याने झाले. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालव्याचे पाणी आले. ऊस, द्राक्षे, टोमॅटो आले. ट्रॅक्टर आले. गाडीला धावेऐवजी रबरी टायर बसले आणि लोक तिला डनलॉपची गाडी म्हणू लागले. धावेबरोबर गोवऱ्यांचा तो जाळ विझला. ‘साधी माणसं’ हा १९६५ सालचा चित्रपट लोहार जोडप्याची गोष्ट सांगतो. तो आपण आजही हळवे होऊन पाहतो. पण हळवेपणाने लोहाराची चूल पेटत नाही.

बलुत्याची पद्धत परत यावी असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. तिच्यातून सुटका झाली, ती लोहाराच्या मुलाच्या भल्याचीच झाली. पण त्या पद्धतीत एक गोष्ट शहाणपणाची होती : वस्तू बनवतानाच तिची झिजणारी कड कोणती हे ठरलेले असे आणि ती नीट करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असे. ते शहाणपण पुरते गेलेले नाही. बाजारगावातल्या वेल्डिंगच्या दुकानात रोटाव्हेटरच्या झिजलेल्या पात्यांवर कठीण धातूचा थर चढवून देतात. ट्रकच्या जुन्या पाट्यांतून कोयते आणि कुदळी घडवतात. हे काम करणारा हात फाळ शेवटणाऱ्या हाताचाच वारस आहे. फरक इतकाच, की आता तो कामाचा भाव सांगू शकतो. जुन्नरच्या लेण्यांत कारागिरांच्या संघाकडे ठेव ठेवणाऱ्यांनी त्यांची पत ओळखली होती. आपणही नवे पाते विकत घेण्याआधी जुने त्याच्याकडे घेऊन जावे आणि त्याने सांगितलेला भाव घासाघीस न करता द्यावा. कारागिराची पत गावात टिकते ती अशीच.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)